कणसातला चीक

माझ्या मुलीला दुधाची ॲलर्जी आहे. दीड वर्षाची असताना दोन चमचे दह्यानं तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि मध्यरात्री तिला उचलून आम्ही दवाखाना गाठला. तेव्हापासून डब्यामागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय आमच्या घरात काही येत नाही. त्यामुळे इथं अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या अर्बानाला राहायला आल्यावर क्रीम्ड कॉर्न हा मक्याचा पदार्थ मी चव न घेताच बाद करून टाकला होता. नावातच क्रीम, मग विचारायचं काय? दोन वर्षं थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणात त्या पिवळ्या वाडग्यापासून मी लेकीला लांब बसवलं.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून हाक मारली आणि झाकण ठेवलेली वाटी पुढे केली. "पोरीला दे. यात दूध नाही, लोणी नाही." झाकण काढलं तर आत पांढुरकं-पिवळं, सायीसारखं दाट काहीतरी. याला दुधाचा थेंबही लागलेला नाही हे डोळ्यांना पटेना. आजींना माझा चेहरा वाचता आला असावा. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आत ये, तुझ्यासमोर करते." आणि आधी सुरी, पातेलं, चमचा, सगळं साबणानं पुन्हा घासून घेतलं. मी न सांगता हे आजवर कुणी केलेलं नव्हतं.

त्या दुपारी मी जे पाहिलं ते गेली सहा वर्षं दर उन्हाळ्यात करते आहे. त्याबद्दल सविस्तर लिहायचं कधीचं मनात होतं.

क्रीम्ड कॉर्न म्हणजे कोवळ्या मक्याचे दाणे त्यांच्याच चिकात शिजवलेले. मूळ पदार्थ एवढाच आहे. कणसाचा दाणा भरताना आधी आत पाणी असतं, मग ते दुधाळ होतं, मग पिठूळ, आणि शेवटी टणक. आपण 'दाणे चिकात आलेत' म्हणतो ना, नेमकी तीच वेळ यासाठी हवी. कणसाचे केस बाहेर पडल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी ती येते आणि उन्हाच्या दिवसांत भराभर निघून जाते. नख रोवलं की दाण्यातून पांढरं दूध उडायला हवं. नितळ पाणी आलं तर घाई झाली, काही न उडता लगदा लागला तर उशीर. अर्थात बाजारात दुसऱ्याच्या मालाला नखं लावत फिरू नये. केस तपकिरी आणि सुकलेले असावेत, पानं हिरवी आणि घट्ट असावीत, आणि वरून दाबलं तर कणीस टोकापर्यंत भरलेलं लागावं.

आजी दक्षिणेकडच्या केंटकी राज्यातल्या. त्यांच्या माहेरी याला 'फ्राइड कॉर्न' म्हणतात. तळलेलं त्यात काही नसतं. बिडाच्या पसरट तव्यात, बेकनच्या सुटलेल्या चरबीवर शिजवतात म्हणून ते नाव. आमच्यासाठी त्या चरबीऐवजी तेल घेतात.

आता कृती. खरं कसब सगळं सुरीत आहे, विस्तवावर फार कमी.

आठ कणसं सोलायची. केस काढायला ओला फडका कणसावरून टोकाकडून देठाकडे फिरवायचा, म्हणजे दाण्यांच्या रांगांत अडकलेले केसही निघतात. (प्रत्येक केस एकेका दाण्याचा असतो, आणि रांगांची संख्या जवळजवळ नेहमी सम असते. लेक अजूनही दर कणसाच्या रांगा मोजून बघते.) मोठ्या परातीत कणीस देठावर उभं धरायचं. पहिल्या फेरीत सुरी दाण्यांच्या वरच्या अर्ध्या भागातूनच न्यायची, मुळापासून दाणा कापायचा नाही. इथंच नवखा हात चुकतो, माझाही चुकला होता. अख्खा दाणा कापला की तो आपल्या सालीत बंद राहतो आणि चीक आतच अडकतो. अर्धा कापला की पेला उघडल्यासारखा होतो. दुसऱ्या फेरीत उरलेल्यातला आणखी एक पातळ थर घ्यायचा. तिसऱ्या फेरीत सुरी उलटी करायची आणि तिच्या पाठीनं, जोर लावून, वरून खाली कणीस खरवडायचं. परातीत दाट, दुधाळ लगदा पडायला लागतो. तोच चीक. दाण्याचा अंकुरही त्याच फेरीत निघून येतो आणि मक्याची सगळ्यात भरीव चव मला तिथंच लागते.

दूध भिंतीपर्यंत उडतं. दंडावर, चष्म्यावर, केसांत. त्याला इलाज नाही. आजींकडे या कामासाठी लाकडाचं एक जुनं साधनही आहे: लांब फळी, मधे खाच, खाचेत एक पातं आणि त्याच्या आगेमागे दाते. त्यावरून कणीस ओढलं की फाडणं, कापणं, खरवडणं एका ओढीत होतं. पोतंभर मका असला तर ते बरं. आठ कणसांना मला सुरीच आवडते, कारण दाणे किती कोवळे आहेत ते तिसऱ्या फेरीत हाताला कळतं आणि पाणी किती घालायचं तेही तिथंच ठरतं.

खरवडून झालेली कणसं टाकायची नाहीत. अर्धा कप पाण्यात ती हातानं चोळून घ्यायची. ते गढूळ पाणी राखून ठेवायचं.

जाड बुडाच्या तव्यात दोन मोठे चमचे तेल मंद तापवायचं, परातीतलं सगळं त्यात ओतायचं, पाऊण चहाचा चमचा मीठ घालायचं आणि ढवळायला लागायचं. पहिली तीन-चार मिनिटं काहीच घडत नाही, पातळ पिवळं पाणी आणि दाणे. मग कडेला बुडबुडे येतात, आणि बघता बघता सगळं एकजीव दाटतं. हा क्षण मी दरवर्षी नव्या कौतुकानं बघते. त्यात चमत्कार नाही: मक्याच्या स्टार्चचे कण साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सियसच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतात आणि भोवतालचा द्रव धरून ठेवतात. मैदा नको, कॉर्नस्टार्च नको. मक्यानं आपलं स्टार्च स्वतःच आणलेलं असतं. नेमका याच वेळी स्वयंपाकघरात शिजत्या मक्याचा तो ओळखीचा वास भरतो. डायमिथाइल सल्फाइड नावाच्या गंधकयुक्त द्रव्याचा त्यात मोठा वाटा, आणि ते उष्णतेनंच तयार होतं, म्हणून कच्च्या कणसाला तो वास नसतो.

दाटल्यावर आच अगदी बारीक करायची आणि दहा-बारा मिनिटं तळ खरवडत ढवळत राहायचं. स्टार्च बुडाला बसलं की लागतं आणि जळका वास सगळ्या तव्यात पसरतो. घट्ट वाटलं की राखून ठेवलेलं पाणी थोडं थोडं घालायचं. शेवटी मिरी. कणसं ताजी असतील तर साखर मुळीच नको.

ताजी म्हणजे किती ताजी? जुन्या धाटणीच्या स्वीट कॉर्नची साखर तोडल्या क्षणापासून स्टार्चमध्ये बदलायला लागते. ३० अंशांच्या उन्हात पडून राहिलेल्या कणसातली ६० टक्के साखर एका दिवसात जाऊ शकते. शून्य अंशावर ठेवलं तर ६ टक्केच. म्हणून आणलेली कणसं ओट्यावर ठेवायची नाहीत, पानांसकट फ्रिजमध्ये टाकायची आणि शक्यतो त्याच दिवशी करायला घ्यायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी एकटीनं पहिल्यांदा केलं तेव्हा फसलं. दुकानातून सुंदर, चकचकीत, साखरेसारखी गोड कणसं आणली होती. तीन फेऱ्या नीट मारल्या. पण तिसऱ्या फेरीत लगदा आलाच नाही, नुसतं गोड पाणी आलं. तव्यात अर्धा तास ढवळलं तरी दाणे एकीकडे, पाणी एकीकडे. मला वाटलं माझ्या हाताला जमत नाही. शनिवारच्या बाजारात एका शेतकरीणबाईंना हे सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न केला, "मका कुठला होता?"

मक्यात इतका फरक असतो हे मला ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून मी यावर हाती लागेल ते वाचलं आहे आणि मला या पदार्थातलं सगळ्यात मोलाचं ज्ञान हेच वाटतं.

जुन्या स्वीट कॉर्नमध्ये एक जनुक बदललेलं असतं, त्याला 'शुगरी' म्हणतात. त्यामुळे दाण्यातली सगळी साखर स्टार्च न होता बराचसा भाग फायटोग्लायकोजेन नावाच्या, पाण्यात विरघळणाऱ्या, भरपूर फांद्या असलेल्या पदार्थात साठतो. चिकाला तो सायीसारखा मऊपणा देणारं द्रव्य हेच. जिभेवर जी मलई वाटते ती ही. १९०२ साली बाजारात आलेलं 'गोल्डन बँटम', वेड्यावाकड्या दाण्यांचं, रांगाच नसलेलं पांढरं 'कंट्री जंटलमन', १९५०च्या दशकातलं 'सिल्व्हर क्वीन', ही सगळी त्या घराण्यातली. क्रीम्ड कॉर्नसाठी जुनी माणसं यांचीच नावं घेतात.

आणि मी आणलेली कणसं होती 'सुपरस्वीट'. त्यांच्यात वेगळंच जनुक असतं, 'श्रंकन-टू'. श्रंकन म्हणजे आकसलेलं, कारण वाळलं की दाणा आत ओढला जाऊन सुरकुततो. या मक्यात स्टार्च तयार होण्याची वाटच सुरुवातीला अडते, त्यामुळे साखर साखरच राहते. गोडवा कितीतरी जास्त, आणि तोडल्यावर कित्येक दिवस टिकणारा. पण फायटोग्लायकोजेन जवळजवळ नाही, स्टार्चही कमी. भाजून किंवा उकडून खायला छान, कुरकुरीत. खरवडायला मात्र आत काही नाही.

हा सुपरस्वीट मका आला कुठून, तर आमच्याच गावातून. इलिनॉय विद्यापीठातले जॉन लॉफनन यांनी या जनुकामुळे दाण्यात साखर किती साठते याचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध केला, आणि पुढे त्यातूनच बाजारात विकता येतील अशी संकरित वाणं निघाली. विद्यापीठाच्या आवारात मॉरो प्लॉट्स नावाचं मक्याच्या प्रयोगांचं शेत आहे, १८७६ पासूनचं. त्याच्यावर सावली पडू नये म्हणून शेजारचं ग्रंथालय जमिनीखाली बांधलं. मी तिथून नेहमी जाते. ज्या गावात मक्याचा एवढा मान आहे तिथंच मला मका ओळखता येत नव्हता याची तेव्हा चुटपुट लागली होती. लॉफनन यांच्या कामाबद्दल मनात आदरच आहे. लांबच्या शहरांत आठवड्यानंतरही गोड कणीस मिळतं ते या जातीमुळे. फक्त तव्यात ते हवं ते देत नाही.

मधला मार्गही आहे. 'शुगरी एनहान्स्ड' नावाचा तिसरा प्रकार, त्याचं जनुकही इलिनॉय विद्यापीठातल्याच वाणातून आलं. त्यात जुन्या मक्याचा मलईपणा आणि जास्तीचा गोडवा दोन्ही असतं, दाण्याची सालही पातळ असते. विकणाऱ्याला विचारलं तर बहुतेकांना आपल्या मक्याचा प्रकार माहीत असतो, आणि ते हौसेनं सांगतात. बाजारातल्या त्या शेतकरीणबाईंनी मला हेही सांगितलं की जुना शुगरी आणि सुपरस्वीट जवळजवळ लावता येत नाहीत. एकाचा पराग दुसऱ्याच्या केसांवर पडला की दोघांचेही दाणे जनावरांच्या मक्यासारखे पिठूळ होतात. म्हणून दोन शेतांत अंतर ठेवायचं, किंवा पेरणीच्या तारखांत.

हाती सुपरस्वीटच असेल तर? एक तृतीयांश दाणे मिक्सरमधून फिरवायचे आणि चमचाभर कॉर्नस्टार्च गार पाण्यात कालवून घालायचं. दाट होतं, चवीला वाईट नसतं. मलई येत नाही.

डब्यातलं क्रीम्ड कॉर्न पाहायला मी आजींच्या वाटीनंतर मुद्दाम दुकानात गेले. ओळीनं सगळे डबे उलटे करून वाचले. बहुतेकांवर मका, पाणी, साखर, मीठ आणि स्टार्च एवढंच. इथं त्याला 'क्रीम स्टाइल' म्हणतात, आणि त्यातलं क्रीम म्हणजे दाण्यांचाच चीक आणि त्याला जोड दिलेलं स्टार्च. पण ज्यांच्या घरी माझ्यासारखी काळजी आहे त्यांनी दर वेळी वाचावंच. काहींत दूध असतं, गोठवलेल्या पाकिटांत तर अनेकदा लोणी आणि क्रीम सापडतं. उपाहारगृहात किंवा दुसऱ्याच्या घरी मिळणारं तर न विचारता कधीच देऊ नये. कारण उत्तरेकडे बऱ्याच घरी लोणी आणि मैद्याचा पांढरा सॉस करून, त्यात दूध किंवा क्रीम ओतून, मग दाणे घालतात. हल्ली क्रीम चीज टाकून तासन् तास हळू शिजवण्याचीही पद्धत आहे. मी ते खाल्लं आहे. सॉसची चव लागते, मका मागे राहतो. सॉसची गरज मुळात चीक न काढता अख्खे दाणे वापरल्यामुळे पडते असं माझं मत आहे.

मका डब्यात भरायची सुरुवात पूर्वेकडच्या मेन राज्यात झाली. आयझॅक विन्सलो यांनी १८६२ साली त्याचं पेटंट घेतलं. आधी त्यांनी अख्खी कणसं भरून पाहिली होती, पण ती जागा खायची आणि मधला दांडा गोडवा शोषून घ्यायचा. म्हणून दाणे उतरवून भरायला लागले. पुढे दाणे कापून खरवडलेल्या, चिकासकटच्या मक्याला 'मेन स्टाइल' हे नावच पडलं. आमच्या ईशान्येला तासाभरावर हूपस्टन गाव आहे, तिथंही १८७०च्या दशकापासून मक्याचे कारखाने होते, आणि तिथल्या शाळेच्या संघाला आजही 'कॉर्नजर्कर्स' म्हणतात. धाटावरून हिसक्यानं कणीस तोडणारे ते कॉर्नजर्कर. पण विन्सलोंच्या कितीतरी आधीपासून या भूमीतले मूळ लोक हिरव्या मक्याचे दाणे काढत होते. मिसूरी नदीकाठच्या हिदात्सा जमातीच्या बायका अर्धवट उकडलेल्या कोवळ्या कणसाचे दाणे शिंपल्यानं काढायच्या. आजींची उलटी सुरी पाहिली की मला तो शिंपला आठवतो.

साठवणीबद्दल एक गोष्ट जपून सांगते. घरी बरण्यांत भरायची हौस इथं पुष्कळांना असते, पण क्रीम्ड कॉर्न हा त्यातला अवघड माल आहे. मक्यात आंबटपणा नाही, त्यामुळे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू आत टिकू शकतात. उकळत्या पाण्यात बरण्या बुडवून ते मरत नाहीत, वाफेच्या दाबाखाली बरण्या तापवणारा प्रेशर कॅनरच लागतो. शिवाय हा लगदा दाट. अख्खे दाणे पाण्यात असले तर पाणी फिरतं आणि उष्णता मधोमध लवकर पोचते. दाट लगद्यात ती कणाकणानं सरकते. म्हणून अमेरिकी कृषिखात्याच्या नियमात अख्ख्या दाण्यांच्या पाइंट (साधारण अर्ध्या लिटरच्या) बरणीला ५५ मिनिटं आहेत आणि क्रीम स्टाइलला ८५. क्वार्टच्या, म्हणजे दुप्पट मोठ्या बरणीत तर ते भरूच नये असं स्पष्ट लिहिलं आहे.

मी बरण्यांच्या वाटेला जात नाही, फ्रीझर वापरते. कणसं उकळत्या पाण्यात चार मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग तीन फेऱ्या, आणि शिजवून दाट झाल्यावर पातेलं पुन्हा बर्फात ठेवून झटपट गार करायचं. चपट्या पिशव्यांत भरलं की लवकर गोठतं आणि लवकर सुटतं. परत गरम करताना ते सुरुवातीला वडीसारखं घट्ट दिसेल, कारण गार होताना स्टार्च आवळतं. दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर ढवळलं की पूर्ववत सैल होतं.

आजींची मनगटं आता दुखतात, त्यामुळे कणसं आमच्या ओट्यावर येतात आणि त्या खुर्चीवर बसून देखरेख करतात. गेल्या शनिवारी तीन डझन झाली. पहिल्या दोन फेऱ्या माझ्या, तिसरी लेकीची. ती आता दहा वर्षांची आहे आणि सुरीची पाठ माझ्यापेक्षा नेटानं चालवते. पिशव्यांवर तारीख घालायचं कामही तिचंच. काल एक पिशवी काढली तर तारखेखाली, अगदी डब्यावर असतं तसं बारीक अक्षरात, तिनं लिहिलं होतं: घटक – मका, पाणी, तेल, मीठ.